भिजलेल्या जॅकेटची ऊब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिमालयातील ट्रेकची तयारी करणाऱ्या मंडळींना महाराष्ट्रात जे सल्ले मिळतात, त्यांत एक वाक्य हमखास असते: पिसांचे म्हणजे डाऊन जॅकेट भिजले की संपले, सिंथेटिक मात्र भिजले तरी ऊब देतच राहते. या वाक्याचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने उच्चारला जातो की दुकानदार, ट्रेकचे संयोजक आणि ट्रेकर यांपैकी कोणालाच तो तपासून पाहण्याची गरज वाटत नाही. वस्तुतः डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या सुमारे १२,५०० फुटांच्या शिखरावर जाणाऱ्याने त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

जॅकेट स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे कार्य. स्थिर हवेची उष्णतावाहकता, म्हणजे पदार्थातून उष्णता वाहून जाण्याचे प्रमाण, दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०२६ वॉट असते, तर पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे हवेच्या वीस पटींहून अधिक. तंतूंमधील पोकळ्यांत हवेऐवजी पाणी शिरले की तो थर उष्णता अडवण्याऐवजी बाहेर नेऊ लागतो, आणि तंतू बदकाच्या पिसाचा आहे की पॉलिएस्टरचा, याने पाण्याच्या या गुणधर्मात काडीचाही फरक पडत नाही.

दुसरे नुकसान बाष्पीभवनाचे असून त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते, त्यामुळे जॅकेटमध्ये मुरलेले केवळ १५० ग्रॅम पाणी सुकायला ३ लाख ६० हजार ज्यूल खर्ची पडतात. स्वस्थ बसलेले शरीर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता निर्माण करते. म्हणजे ही त्याची तासाभराची सगळी मिळकत झाली. हा सगळाच भार शरीरावर पडतो असे नाही, पण अंगावरच सुकू दिलेल्या कपड्याच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा शरीरच उचलते. ‘अंगावरच वाळेल’ असे म्हणणाऱ्यांनी तो कशाच्या जोरावर वाळणार, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारायला हवा.

मग सिंथेटिकचा लौकिक निराधार आहे काय? तसेही नाही. पॉलिएस्टरचा तंतू दमट हवेतून आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा शोषतो, त्यामुळे तो मऊ पडत नाही आणि भिजल्यावरही थराचा फुगीरपणा बराचसा टिकतो; पिसांचे मात्र ओले होताच गोळे बनतात, आतली जागा नाहीशी होते आणि ते सुकायला फार वेळ लागतो. अमेरिकी लष्कराला पिसांऐवजी ओलाव्यात तग धरणारा पर्याय हवा होता, आणि त्यातूनच १९८०च्या दशकात प्रायमालॉफ्टसारखे अतिसूक्ष्म तंतूंचे थर विकसित झाले. या थरांविषयीचा मूळ दावा तुलनात्मक होता: ओल्या पिसांपेक्षा ओले सिंथेटिक बरे, आणि ते पिळून झटकले तर लवकर सावरते. जाहिरातीच्या आणि ऐकीव सल्ल्यांच्या ओघात तुलना गळून पडली आणि ‘भिजले तरी उबदार’ एवढेच उरले. ओल्या अवस्थेतील उबेचे जे टक्के उत्पादक सांगतात ते तंतूंच्या थरापुरते असतात. बाहेरचे कापड, अस्तर आणि आतला टी-शर्ट सगळेच चिंब होऊन वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ते लागू पडत नाहीत.

या गैरसमजाचा खरा तोटा पावसापेक्षा घामाने होतो. शिखराकडे पहाटेच्या अंधारात निघताना थंडी वाजते म्हणून जॅकेट चढवले जाते, आणि चढ सुरू झाल्यावर शरीर विश्रांतीच्या पाच-सहा पट उष्णता निर्माण करू लागले तरी ते उतरवले जात नाही, कारण ‘सिंथेटिकच तर आहे’. जोमदार चढाईत तासाला अर्धा लिटर घाम येणे असाधारण नाही. माथ्यावर पोहोचून चाल थांबते, वारा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी जॅकेट आतून ओले असते. म्हणून चढताना पातळ लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि वर विंडचीटर घालावा, आणि जॅकेट सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवून थांबताक्षणी चढवावे, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. चालतानाही घालता येईल असेच जॅकेट हवे असेल तर पोलारटेक अल्फासारखा हवा खेळती ठेवणारा विरळ थर निवडावा, मात्र वाऱ्यात तो एकटा निरुपयोगी ठरतो, हे ध्यानात घेऊनच.

उरलेल्या समजुतींना इतकी जागा देण्याचे कारण नाही. जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर थराचे ग्रॅममधील वजन, जास्त असेल तर ऊब जास्त, हे एकाच प्रकारच्या तंतूंची तुलना करताना खरे आहे. दोन निरनिराळ्या तंतूंचे आकडे शेजारी ठेवणे व्यर्थ आहे, कारण उबेचे माप वजन नसून १९४१ साली मांडले गेलेले ‘क्लो’ हे एकक आहे. लेबलावरील ‘उणे १० अंश’ हा आकडा तर सर्वांत फसवा: स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे, युरोपातील ईएन ३४२ थंडीत काम करणाऱ्यांच्या पोशाखासाठी आहे, पण ट्रेकच्या जॅकेटवरील तापमानाला तसे सर्वमान्य मानक नाही, आणि घालणारा चालतो आहे की बसला आहे हे सांगितल्याविना त्या आकड्याला अर्थही नाही. बाहेरच्या कापडावर थेंब ओघळतात म्हणून जॅकेट रेनकोटचे काम करील, असेही नव्हे. तो पाणी झटकणारा लेप असतो, शिवणींतून पाणी आत येते आणि वापराने लेपही झिजतो. अंगाला घट्ट बसणारे जॅकेट अधिक गरम, हा समज उलटा आहे, कारण थर दाबला गेला की हवा निघून जाते. माप घेताना आत फ्लीस घालून, हात वर करून पाहावे. धुतल्याने सिंथेटिक बिघडते असे मानून वर्षानुवर्षे न धुणाऱ्यांनी सौम्य साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर न वापरता ते खुशाल धुवावे. तंतूंचा फुगीरपणा खरोखर कमी होतो तो वारंवार दाबल्याने, तेव्हा ट्रेक संपल्यावर जॅकेट त्याच्या इवल्याशा पिशवीत कोंबून पुढच्या हिवाळ्यापर्यंत कपाटात ठेवू नये, हँगरला मोकळे टांगावे.