देहभान : खानदेशातील बोलणे आणि शरीराधिष्ठित मानसोपचार

खानदेशातील मनुष्य आपल्या मनाची अवस्था सांगू लागला म्हणजे तो मनाचे नाव क्वचितच घेतो. जळगावच्या बाजारपेठेत अथवा धुळ्याच्या बसस्थानकावर थोडा वेळ कान देऊन उभे राहिल्यास 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा येतो', 'छातीवर दडपण येते', 'हातपाय गळाले' अशीच वाक्ये ऐकू येतात. ही सर्व वाक्ये अलंकारिक आहेत, असे आपण सुशिक्षित लोक गृहीत धरतो. ते गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. परीक्षेच्या दिवसांत एखादी विद्यार्थिनी छातीवर दडपण येते म्हणून वैद्याकडे जाते, हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, आणि 'काही नाही, मनाचे आहे' एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण होते. त्या वाक्याचा अर्थ ती 'तुझे म्हणणे खोटे आहे' असाच घेते, आणि पुन्हा कोणाजवळ त्याविषयी बोलत नाही. उपचार उपलब्ध असूनही तो केवळ शब्दांपाशी अडून राहतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावी अशी खचित नाही.

वस्तुतः ती विद्यार्थिनी जे घडते तेच सांगत असते. भीतीच्या क्षणी हृदय जलद चालते, श्वास उथळ होऊन छातीच्या वरच्या भागात घुटमळतो, पचनाचे कार्य मंदावते, स्नायू ताठरतात. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार घबराटीचे मूळ या संवेदनांच्या विपरीत अर्थात असते. धडधड झाली की 'आता हृदय बंद पडणार' असे वाटते, त्या वाटण्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि चक्र चालू राहते. शरीराधिष्ठित उपचार या चक्रात दोन ठिकाणी हात घालतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबविला की गती उतरू लागते. दुसरे म्हणजे संवेदनेकडे, तिला संकटाचे नाव न देता, नुसते पाहण्याचा सराव केला जातो. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालविला, त्यात पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरविण्याची क्रिया आरंभीच शिकविली जाते.

आता या उपचाराचे नाव पाहू. मूळ पाली शब्द 'सति' हा संस्कृत 'स्मृति'चा भाऊ. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली त्याला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हे रूप दिले, आणि त्या रूपाला आपण हल्ली 'सजगता' म्हणतो. या प्रवासात 'सति' या अर्थातील 'आठवण ठेवणे' हा अंश गळाला, मधल्या मुक्कामी 'मन' शिरले, आणि शेवटी आपल्या हाती पहारेकऱ्याचा गुण आला. जो आधीच रात्रभर दचकून जागा असतो त्याला 'सजग राहा' म्हणून सांगणे कितपत इष्ट आहे? 'ध्यान' हा शब्द तर अधिकच घोटाळ्याचा. आपल्याकडे 'ध्यान ठेव' म्हणजे 'लक्ष ठेव', आणि 'काय ध्यान आहे!' म्हटले की माणूस हसतो.

माझ्या मते या कामाला योग्य शब्द मराठीत पूर्वीपासून आहे, तो 'देहभान'. मात्र त्याच्या क्रियापदांकडे लक्ष दिले पाहिजे. देहभान हरपते, देहभान सुटते, माणूस देहभान विसरतो. भक्तीच्या आणि संगीताच्या परिभाषेने ते गमावण्याचीच थोरवी गायिली, त्यामुळे देहभान मिळविण्याचे क्रियापद आपल्या जिभेवर सहज येत नाही. परंतु नुसत्या 'भाना'चे तसे नाही. माणूस 'भानावर येतो', 'भान ठेवतो'. उपचारात जे घडावयाचे ते हेच होय.

या विषयाचा खानदेशाशी संबंध केवळ बोलीपुरता नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, हे १९१६ साली अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी त्याच गावी प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञानमंदिर स्थापन झाले, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. गुणे यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. मुंबईचे डॉ. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्या निबंधाच्या लेखकांत कैवल्यधामचे विनेकरही होते. (शवासन हे नाव मात्र, 'आता मी मरतो' या भीतीने आलेल्या माणसास सांगताना जपून वापरावे.)

दुसरा ओघ इगतपुरीचा. सत्यनारायण गोयंका यांचे भारतातील पहिले विपश्यना शिबिर १९६९ साली मुंबईत झाले, आणि इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरे भरू लागली. भुसावळहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरच हे स्थान आहे. दहा दिवसांपैकी पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी होणारा श्वासाचा स्पर्श पाहण्यात जातात, नंतर सर्वांगावरील संवेदना पाहावयाच्या असतात. येथे शब्दाचा एक सापळा आहे. पालीतील 'वेदना' सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तिन्ही प्रकारची असते. मराठीत ती केवळ दुखणे होऊन बसली आहे. 'वेदना पाहा' असे म्हटल्यास साधक अंगात कोठे दुखते ते शोधू लागेल. 'संवेदना' हा शब्द त्यामुळे आवश्यक झाला, पण तो ग्रंथिक आहे. आमच्या भागातील वृद्ध स्त्रीला 'अंगाला काय जाणवतं?' एवढे विचारणे पुरते.

'जाणवते' या क्रियापदाबरोबर व्याकरणाचा एक मुद्दा येतो. मराठीत अनुभव घेणारा बहुधा चतुर्थीत असतो: 'मला भीती वाटते'; अहिराणीत 'माले भेव वाटस'. भीती कर्ता, मी तिचे येण्याचे ठिकाण. विचारांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या घटना म्हणून पाहण्याची जी शिकवण या उपचारात प्रयासाने दिली जाते, तिला आपली वाक्यरचना अनुकूल आहे. अर्थात विभक्तीने कोणी बरे होत नाही, आणि 'मी घाबरलो' हेही आपण म्हणतोच. परंतु सूचना देणाऱ्याने पहिली रचना निवडावी, एवढे म्हणता येईल.

गुणाविषयी अतिशयोक्ती नको. २०१४ साली ४७ चाचण्या व ३,५१५ व्यक्ती यांचा एकत्र विचार करणारे परीक्षण अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात चिंता व खिन्नता यांवर माफक लाभ दिसला, पण औषधे, व्यायाम अथवा इतर वर्तनोपचार यांहून ही पद्धती सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये २७६ चिंताग्रस्तांवरील चाचणीत आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम एका प्रचलित औषधापेक्षा कमी ठरला नाही. भयंकर आघातातून गेलेल्यांना डोळे मिटून शरीराकडे पाहणे असह्य होऊ शकते. गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे विपश्यना केंद्रांचेच सांगणे आहे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले तर श्वासाच्या गोष्टी न सांगता त्याला वैद्याकडे न्यावे. १४४१६ हा शासकीय दूरध्वनीही त्यासाठीच आहे.

उरतो प्रश्न मन भटकण्याचा, आणि तेथे आपल्याजवळ बहिणाबाईंचा शब्द आहे. उभ्या पिकात पुन्हापुन्हा शिरणाऱ्या गुराला 'वढाय' म्हणतात, आणि आसोद्याच्या या कवयित्रीने मनाला तेच विशेषण लाविले. असे ढोर शेतात शिरले म्हणून शेतकऱ्याला नवल वाटत नाही. तो त्याला हाकलतो, ते पुन्हा येते, तो पुन्हा उठतो. वर्गातील दहा मिनिटांच्या सरावात मी प्रारंभी 'चित्त विचलित झाल्यास ते पुनश्च श्वासावर केंद्रित करावे' असे वाचून दाखवीत असे, आणि मुले अधिकच ताठ बसत. आता एवढेच म्हणतो: 'पाय जमिनीला लागलेत ते जाणवू दे. श्वास सावकाश सोड. मन वढाय आहे, जाईलच. गेलं की वळवून आण.'