क्रीडाशिक्षणातून स्वयंरोजगाराकडे

शारीरिक शिक्षणाची पदवी घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांसमोर दोनच वाटा असतात: शाळेतील क्रीडाशिक्षकाची जागा किंवा पोलीस भरती. शाळांतील पदे मोजकी आणि भरतीला वयाची अट. या दोन दारांशी ताटकळण्यात उमेदीची वर्षे निघून जातात. घरातील ती पहिलीच पदवी असेल, तर ही प्रतीक्षा साऱ्या कुटुंबाला महाग पडते. म्हणून स्वतःच्या व्यवसायाची तिसरी वाट शिक्षण चालू असतानाच दाखविली पाहिजे.

या विद्यार्थ्याजवळ भांडवल नसले, तरी कौशल्य असते. शरीररचना, सराव, मैदानाची आखणी, सामन्यांचे नियोजन, प्रथमोपचार हे सारे तो शिकलेला असतो. मुलांचे प्रशिक्षणवर्ग, भरतीपूर्व धावणे व गोळाफेकीची तयारी, ज्येष्ठांचे व्यायामवर्ग, शाळांच्या क्रीडामहोत्सवांचे आयोजन ही त्याच कौशल्याची रूपे होत. उणीव असते ती हिशेबाची.

एक उदाहरण घेऊ. समजा, सायंकाळच्या वर्गात 30 मुले असून प्रत्येकी 500 रुपये शुल्क आहे. महिन्याची जमा 15,000 रुपये दिसते. त्यातून मैदानाचे भाडे 3,000, मदतनिसाचे मानधन 4,000, साहित्याची झीज 1,000 आणि किरकोळ खर्च 500 वजा केल्यास 6,500 रुपये उरतात. चौघांचे शुल्क थकले, तर 4,500. पाऊस व परीक्षा यांमुळे वर्ग तीन महिने बंद राहिला आणि त्या काळात कोणताही खर्च झाला नाही असे धरले, तरी वर्षाची शिल्लक 40,500, म्हणजे महिन्याला सरासरी 3,375 रुपये. हा आकडा आधी कळला, तर त्याच मैदानावर सकाळचा दुसरा वर्ग घ्यावा, शुल्क आगाऊ घ्यावे, हे सुचते. उशिरा कळला, तर वर्गच बंद पडतो.

हे केवळ व्याख्यानांनी साधत नाही. विद्यार्थ्यांच्या लहान गटांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक हंगामभर खरा वर्ग चालवावा, शुल्क घ्यावे, पावती द्यावी, रोजकीर्द लिहावी. कर्जाचीही भीती जावी. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. परंतु हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल, हे रोजकीर्दच सांगते.

यासोबत सचोटीही शिकवावी लागते. निवडीची हमी देऊन शुल्क घेणे ही फसवणूक आहे. मुलाची दुखापत लपविणे हा त्याहून मोठा अपराध आहे. पालक विश्वासावर मूल सोपवितात, आणि तो विश्वास हेच या व्यवसायाचे खरे भांडवल.

माजी विद्यार्थी आणि समाजबांधवांनाही येथे वाटा उचलता येईल. वस्तीतील क्रीडास्पर्धेचे काम अशा होतकरू तरुणाकडे द्यावे, आणि त्याचा मोबदला ठरल्या दिवशी चुकता करावा. कौतुकाच्या टाळ्यांपेक्षा पहिली वेळेवर मिळालेली रक्कम त्याला अधिक बळ देईल.