जुने यंत्र विकताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वस्तीतील एका भाऊंचे लहानसे वर्कशॉप आहे. आयटीआयमधून बाहेर पडल्यावर पंधरा वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात पाळ्या केल्या. मग वहिनींचे दागिने गहाण ठेवून आणि बँकेचे कर्ज काढून 20 लाखांचे सीएनसी मिलिंग मशीन घेतले. त्या मशीनवर कर्ज फिटले, दागिने सुटले, मुलगी इंजिनिअरिंगला गेली.

दहा वर्षांनी मशीन थकले. भोकांचे अंतर चुकू लागले. गोल कापला की त्यावर चार ठिकाणी खूण उमटू लागली. माल परत येऊ लागला. मशीन उघडून नवे करण्याइतका पैसा हाताशी नाही आणि मुलीची फी तोंडावर आलेली. म्हणून विकायचे ठरले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, वस्तीतला कोणाचाही हिशेब शेवटी आमच्याकडेच येतो. भाऊंनी बोलावले, आम्ही गेलो.

पहिला आला भंगारवाला. मशीन चार टनांचे. किलोच्या भावाने त्याने एक लाख चाळीस हजार सांगितले. दुसरा आला दलाल. तो म्हणाला, "साहेब, एक हात रंग मारा. कंट्रोलमधला बॅकलॅशचा आकडा वाढवून ठेवा. गिऱ्हाईक डायल लावून बघेल, सुई बरोबर जागेवर येईल. साडेसहा लाख मिळवून देतो. पुढचं त्याचं तो बघेल."

हा आकडा काय आहे, ते वाचकांना सांगितले पाहिजे. मशीनचे टेबल एका लांब आट्याच्या दांड्यावर सरकते, त्याला बॉलस्क्रू म्हणतात. त्याच्या नटमध्ये पोलादी गोळ्या असतात. वर्षानुवर्षे काम करून स्क्रू, नट आणि बेअरिंग झिजतात. मग दिशा बदलताना स्क्रू फिरतो, पण टेबल क्षणभर जागचे हलत नाही. या ढिलाईला बॅकलॅश म्हणतात. ती भरून काढण्यासाठी कंट्रोलमध्ये एक आकडा घालण्याची सोय असते. थोड्या झिजेसाठी ही सोय योग्यच आहे. परंतु फार झिजलेल्या मशीनवर ती नुसता पडदा ठरते. टेबल रिकामे सरकताना सुई खरे दाखवते आणि कटर लोखंडाला भिडला की ढिले टेबल हादरते. शिवाय स्क्रू मधल्या भागात जास्त झिजतो, टोकांना कमी. एक आकडा सगळीकडे लागू पडत नाही.

दोन दिवसांनी साताऱ्याकडचा एक तरुण आला. तोही आयटीआयवाला, कर्ज मंजूर करून घेऊन निघालेला. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "जयभीम काका. आपलीच माणसं आहात, मग तपासायचं काय?" असे म्हणून त्याने डायल पिशवीतून काढलाच नाही.

भाऊंनी आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याही डोळ्यांपुढे मुलीच्या फीची पावती आली आणि आम्ही गप्प राहिलो. बोलल्या त्या वहिनी. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "दादा, तुझ्या आईचेही दागिने कुठेतरी गहाण असतील. डायल लावून बघ."

पुढच्या रविवारी सर्वांसमक्ष तपासणी झाली. भरपाईचा आकडा शून्य केला. मधल्या भागात ढिलाई निघाली 90 मायक्रॉन, टोकाला 20. माणसाचा केसही साधारण तेवढाच जाड असतो, पण या कामात तेवढ्याने माल वाया जातो. स्पिंडल तासभर फिरवून गरम केला. आवाज ठीक होता. जे दिसले ते कागदावर उतरवले आणि दोघांनी सह्या केल्या.

मग किंमत काढली. हिशेबाच्या वहीत मशीनवर दरसाल 15 टक्के घसारा धरला, तर दहा वर्षांनी 20 लाखांचे सुमारे 3 लाख 94 हजार उरतात. पण वहीतली किंमत म्हणजे बाजारातली किंमत नव्हे. आम्ही सरळ रीत धरली. असेच मशीन चांगल्या स्थितीत असते तर त्या वेळी नऊ लाखांना गेले असते. बॉलस्क्रू, नट, बेअरिंग आणि घासलेल्या सरकपट्ट्या नीट करण्याचा खर्च साडेतीन लाख. वाहतूक आणि काम बंद राहील ते दिवस धरून पन्नास हजार. उरले पाच लाख. सौदा तिथेच झाला. दलालापेक्षा दीड लाख कमी, पण भंगारापेक्षा साडेतीन पटीने जास्त. फीचा पहिला हप्ता भरला गेला, दुसऱ्यासाठी भाऊंनी पतपेढीतून कर्ज काढले.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी. मशीन बँकेकडे तारण असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय विकू नये. जीएसटीची नोंदणी असेल तर कराचे आधी विचारून घ्यावे. मशीन विकेपर्यंत महिनोन्महिने बंद ठेवू नये, कारण अनेक कंट्रोलची स्मृती बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की सर्व आकडे पुसले जातात आणि चालते मशीन मुके होते. ते आकडे आधीच उतरवून ठेवावेत आणि पुस्तकांसह घेणाऱ्याला द्यावेत. घेणाऱ्याने नुसती सुई पाहू नये, समोर लोखंड कापायला लावावे, गोल कापून घ्यावा.

भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. जुने मशीन त्यांत नाही. म्हणून काही आपली आजीविका आपोआप सम्यक होत नाही. फसवून मिळवलेले धन ही मिथ्या आजीविकाच, आणि चौथे शील आपण दर पौर्णिमेला विहारात म्हणतो. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीसाठी, असे सांगितले आहे. धम्माला आपला व्यवसाय नको आहे असे नाही. तो स्वच्छ हवा, इतकेच.

बडोद्याची नोकरी सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. जात कळताच गिऱ्हाईक तुटले आणि ते बंद पडले. एवढ्या विद्वत्तेलाही बाजाराने पत दिली नाही. आज आपल्या मुलांची वर्कशॉपे उभी राहत आहेत. आपल्याला वडिलोपार्जित पेढी नाही, पत आपणच कमवायची आहे. "जयभीम" ऐकून एक तरुण डायल पिशवीत ठेवतो, हीच ती पत. ती दीड लाखाला विकायची काय?

दोन महिन्यांनी त्या तरुणाचा फोन आला. मशीन उघडल्यावर सगळे कागदाप्रमाणे निघाले, फक्त एक बेअरिंग जास्त खराब होते. ते आम्हा कोणालाच आधी कळले नव्हते. भाऊंनी त्याचे अर्धे पैसे पाठवून दिले. वहिनींनी सांगितले होते.

जयभीम!