पुढची बस किती मिनिटांनी?

अमेरिकेतल्या उपनगरात गाडी न चालवणारा माणूस म्हणजे पार्सल. कुणीतरी न्यायचं, कुणीतरी आणायचं, मधल्या वेळात ठेवलं तिथे राहायचं. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना हे वेगळं सांगायला नको. "आई, मी सोडतो ना," असं जावई अगदी मनापासून म्हणतो. पण सोडणाऱ्याला सवड शनिवारी असते आणि कोथिंबीर संपते मंगळवारी. माझं बालपण दादरचं, नोकरी फोर्टातली, सगळं आयुष्य बेस्ट आणि लोकलच्या जिवावर गेलेलं. लेकीकडे रेडमंडला आल्यावर दारातल्या दोन गाड्यांकडे बघत बसणं काही जमेना. मी बस धरली.

रेडमंड, बेलव्ह्यू, सिएटल हे सगळं किंग काउंटीत येतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पसारा जवळजवळ साडेपाच हजार चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती पावणेतेवीस लाखांच्या घरात. म्हणजे मुंबईच्या नऊपट जागा आणि २०११ च्या मुंबईच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी माणसं. त्यात पूर्वेला कॅस्केडचे डोंगर, पश्चिमेला समुद्राची खाडी, खाडीत व्हॅशन नावाचं बेट आणि ऐन वस्तीच्या मधोमध लेक वॉशिंग्टन. अशा ठिकाणी बस चालवून नफा कमावता येईल असं कुणालाच वाटत नाही. तिचा बराचसा खर्च विक्रीकरातून निघतो. दुकानात वस्तू घेताना भरलेल्या करातले काही सेंट बसच्या खात्यात जातात, तुम्ही बसमध्ये पाऊल ठेवा अगर ठेवू नका.

या बससेवेचा जन्म गटारातून झाला, हे मला फार आवडतं. लेक वॉशिंग्टनमध्ये आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी जायचं. तळं नासायला लागलं, तेव्हा १९५८ मध्ये मतदारांनी 'मेट्रो' नावाची संस्था उभी केली, ती सांडपाण्याचा बंदोबस्त करायला. तळं निवळलं. पुढे १९६८ आणि १९७० मध्ये शहरी रेल्वेसाठी मतदान झालं. साठ टक्के मतं लागत होती, तेवढी पडली नाहीत, आणि सिएटलच्या रेल्वेसाठी मिळू शकणारा केंद्राचा पैसा अटलांटाच्या रेल्वेकडे गेला. सिएटलचे लोक अजून हळहळतात. मग १९७२ मध्ये 'निदान बस तरी' म्हणून कौल मिळाला आणि १ जानेवारी १९७३ पासून सांडपाणी वाहून नेणारी संस्था माणसंही वाहून नेऊ लागली. १९९४ मध्ये ती काउंटीच्या कारभारात विलीन झाली.

बसवर काउंटीचं बोधचिन्ह असतं, मार्टिन ल्यूथर किंग यांचा चेहरा. काउंटीचं 'किंग' हे नाव मात्र १८५२ मध्ये ठेवलेलं, विल्यम रूफस किंग या अलाबामाच्या पुढाऱ्याच्या नावावरून. तो गुलामांचा मालक होता. १९८६ मध्ये काउंटीच्या कौन्सिलने ठराव केला की नाव तेच राहील, पण यापुढे ते मार्टिन ल्यूथर किंग यांचं समजावं. २००५ मध्ये राज्याच्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. पाटीवरचं नाव बदलायला नको, काम झालं. आणि किंग यांचं सार्वजनिक आयुष्य सुरू झालं ते त्याच अलाबामात, माँटगोमेरीच्या बसवरून. डिसेंबर १९५५ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला तो ३८१ दिवस चालला. पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव असत, त्याविरुद्ध तो लढा होता. आजही किंग काउंटीच्या बसमध्ये पुढच्या जागा राखीव आहेत, म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी. मी वयाच्या हक्काने तिथे बसते.

कंडक्टर नाही, हे आपल्या माणसाला पहिल्यांदा खुपतं. हाक मारून सांगावं असं कुणी नाही, "मॅडम, तुमचा स्टॉप आला" म्हणणारं कुणी नाही. चालक एकटा. पुढच्या दाराशी यंत्राला 'ओर्का' कार्ड लावायचं. रोख द्यायचीच तर नेमके पैसे डब्यात टाका, सुट्टे परत मिळत नाहीत. मोठ्यांचं भाडं २०१८ पासून पावणेतीन डॉलर होतं, सप्टेंबर २०२५ मध्ये तीन झालं. अठरापर्यंतच्या मुलांना फुकट. पासष्टीच्या पुढे सवलतीचं कार्ड काढलं की एक डॉलर. कार्ड लावल्यापासून दोन तास बस बदलायला पुन्हा पैसे पडत नाहीत, परतीच्या बसलाही नाही. हे कळल्यावर माझ्यातली मध्यमवर्गीय गृहिणी जागी झाली. रेडमंडहून 'बी' लाइन नावाची बस पकडायची, क्रॉसरोड्सला उतरायचं, भाजी घ्यायची, तिथल्या मॉलमध्ये जमिनीवर मांडलेल्या गुडघाभर उंचीच्या सोंगट्यांच्या बुद्धिबळाभोवती जमलेल्या आजोबांची भांडणं थोडा वेळ ऐकायची आणि दोन तासांच्या आत परतीच्या बसला कार्ड लावायचं. एका डॉलरात बाजारही झाला आणि माणसंही दिसली. त्या घोळक्यात मराठी कानावर पडतं, तेलुगू आणि पंजाबी त्याहून जास्त.

उतरायचं असेल तर खिडकीलगतचा पिवळा दोर ओढायचा. उतरताना चालकाला "थँक यू" म्हणायचं, मागच्या दाराने उतरत असाल तर ओरडून. शाळकरी पोरंसुद्धा म्हणतात. सायकलवाल्यांचं आणखी वेगळं. बसच्या नाकावर दुमडलेला लोखंडी सांगाडा असतो. सायकलवाला चालकाला खूण करून बससमोर येतो, सांगाडा खाली पाडतो, सायकल उचलून खाचेत ठेवतो, पुढच्या चाकावर आकडा ओढतो आणि मग आत चढतो. तीन सायकली मावतात.

चाकाची खुर्ची चढताना मात्र मी दर वेळी बघत राहते. बस थांब्याला लागते, हवा सोडल्याचा फुस्स आवाज होतो आणि तिचं पुढचं अंग फुटपाथकडे झुकतं. दाराच्या उंबऱ्यातली फळी पीं-पीं करत उलटते आणि बाहेर पडून उतार होतो. चालक आपल्या जागेवरून उठतो, पुढच्या बाकावरच्यांना "जरा मागे सरकाल का" म्हणतो आणि बाक भिंतीकडे दुमडतो. खुर्ची आत येते, वळते. चालक खाली वाकून जमिनीतले पट्टे ओढून तिच्या सांगाड्याला अडकवतो, एकेक हिसका देऊन बघतो, मग विचारतो, "कुठे उतरायचं?" या सगळ्यात तीन-चार मिनिटं जातात. बाहेर उभे असलेले लोक तोवर चढत नाहीत. हा अमेरिकनांचा उपजत चांगुलपणा आहे असं समजू नये. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने ते बंधनकारक केलं आणि मग सवय झाली. आपल्याकडे मी कित्येक वर्षं बसने फिरले, चाकाच्या खुर्चीतला एकही प्रवासी चढताना पाहिल्याचं आठवत नाही. तशी माणसं आपल्याकडे कमी आहेत म्हणून नव्हे.

पण बस चांगली की वाईट हे खुर्च्यांवरून, रंगावरून किंवा नम्रतेवरून ठरत नाही. ते ठरतं एकाच गोष्टीवर: ही चुकली तर पुढची किती मिनिटांनी? दहा मिनिटांनी असेल तर वेळापत्रक बघावंच लागत नाही, उठलं की निघालं. अर्ध्या तासाने असेल तर आधी घड्याळ, मग चप्पल. तासाने असेल तर ती बस आहे एवढंच समाधान. किंग काउंटीत या तिन्ही तऱ्हा आहेत. लाल-पिवळ्या 'रॅपिडराइड' बस, म्हणजे २०१० पासून एकेक अक्षर घेऊन सुरू झालेल्या लाइनी, दिवसभर बऱ्यापैकी लागोपाठ येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सिएटलच्या मॅडिसन रस्त्यावर सुरू झालेली 'जी' लाइन तर दिवसा सहा मिनिटांनी धावण्यासाठी आखलेली. तिच्या बसला दोन्ही बाजूंना दारं आहेत, कारण काही थांबे रस्त्याच्या मधोमध बांधलेत. याउलट इसाक्वाहून स्नोक्वाल्मीला जाणारी २०८. तिकडचा धबधबा ८२ मीटर उंच, बघण्यासारखा आहे. मात्र परतीची बस कधी ते पाहूनच धबधब्याकडे तोंड करावं.

वाट बघण्याचा जाच कमी करणारं औषध इथल्याच विद्यापीठात निघालं. २००८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी 'वनबसअवे' नावाचं ॲप केलं. थांब्याचा क्रमांक टाकला की बस खरोखर किती मिनिटांवर आहे ते कळतं. त्यांनी पुढे अभ्यास करून दाखवलं की ज्यांना हे कळत नाही त्यांना थांबण्याची वेळ प्रत्यक्षाहून लांब वाटते, आणि ज्यांना कळतं त्यांना तसं वाटत नाही. सायनच्या थांब्यावर उन्हात उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक होतं, फक्त आपण त्यावर प्रबंध लिहिला नाही.

तळं ओलांडायचा प्रवास मी मुद्दाम सकाळी गर्दीच्या वेळेला करते. सिएटलला जाणारी बस ५२० नंबरच्या हमरस्त्याने तरंगत्या पुलावर चढते. तळ खोल, गाळ मऊ, खांब रोवणं परवडत नाही, म्हणून काँक्रीटचे पोकळ प्रचंड ठोकळे पाण्यावर तरंगत ठेवून त्यांवर रस्ता केलाय. २०१६ मध्ये खुला झालेला हा पूल २,३५० मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब तरंगता पूल. बस आणि तीन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांना वेगळी मार्गिका आहे. शेजारी एकेकटे बसलेले इंजिनिअर गाड्यांची रांग लावून असतात आणि आमची बस निघून जाते. त्यात जावयाची गाडी दिसते का, हे मी बघतेच.

सिएटल शहरात विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस आहेत, १९४० पासून. मुंबईतही बेस्टने १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस चालवली होती, १९७१ मध्ये ती बंद पडली. इथे ती टिकली ती चढांमुळे. क्वीन ॲन टेकडीचा रस्ता काही ठिकाणी अठरा टक्क्यांच्या आसपास चढतो. पूर्वी तिथे ट्राम होती. तिला ओढायला रस्त्याखालच्या बोगद्यात वजनदार गाडा असायचा. तो खाली घसरला की ट्राम वर जायची. आता १३ नंबरची जांभळी बस भरल्या पोटी, आवाज न करता तो चढ चढते. डिझेलच्या बसची इथे धाप ऐकू आली असती.

एकदा वळणावर टपाचा दांडा तारेवरून निसटला. दिवे गेले, बस थबकली. चालकबाईंनी चकाकतं पिवळं जाकीट चढवलं, हातमोजे घातले, मागे गेल्या. मागच्या काचेतून दिसत होतं: दांड्याला बांधलेला दोर त्यांनी दोन्ही हातांनी ओढून धरला, मान पूर्ण मागे टाकली, दांड्याच्या टोकाची खाच तारेखाली आणली आणि हळूहळू दोर सैल सोडला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा लागलं. परत येऊन जाकीट खुर्चीच्या मागे अडकवलं आणि बस निघाली. नव्या बसमध्ये बॅटरी असते, थोडं अंतर तारेवाचूनही जाता येतं, पण दांडा लावायला माणूसच खाली उतरतो.

हे सगळं छान छान आहे असा समज करून देणार नाही. अरोरा रस्त्यावरून रात्रभर चालणाऱ्या 'ई' लाइनमध्ये थंडीच्या दिवसांत बेघर माणसं ऊब मिळावी म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपून जातात. घरांची भाडी आभाळाला भिडलेल्या शहराचा तो ताळेबंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमध्ये एका चालकाचा प्रवाशाने भोसकून खून केला. त्यानंतर चालकाच्या जागेला पूर्ण बंद होणारी दारं बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. उशिरा रात्री मी एकटी बसने फिरत नाही, कुणाला फिरा म्हणणारही नाही. दिवसा मात्र बिनधास्त जा. रेनियर व्हॅलीतून जाणाऱ्या ७ नंबरमध्ये दुपारी बसून बघा. इथिओपियाच्या आज्या, व्हिएतनामी भाजीवाल्या, सोमाली शाळकरी मुली, सगळ्या पिशव्या सांभाळत बसलेल्या. रेडमंडच्या बंगल्यांच्या गल्लीत हे लोक कधी दिसणार नाहीत.

मुलांना सांगते, आईवडील येणार असतील तर एवढं करा. पासष्ट झालेली असतील तर वयाचा पुरावा देऊन सवलतीचं ओर्का कार्ड काढून द्या, नसतील तर साधं द्या. फोनमध्ये बसचं ॲप घाला. पहिल्या फेरीला बरोबर जा, दोर कुठे आहे ते दाखवा. दुसऱ्या फेरीला जाऊ नका. आणि नवीन घर भाड्याने बघत असाल तर शाळेचा दर्जा बघून झाल्यावर जवळच्या थांब्याचं वेळापत्रकही उघडा. दोन बसमध्ये पंधरा मिनिटांहून जास्त अंतर असेल तर दुसरं घर बघा.