उरल्या मॅचेस सहा, गणित करून पाहा!

एप्रिल आला की ऑफिसात दोनच विषय असतात. अप्रेझल आणि प्रीमियर लीग. पहिल्याचं गणित बॉसच्या हातात, दुसऱ्याचं मात्र आपण स्वतः मांडू शकतो. मी दर वर्षी एक्सेल शीट उघडतो. डावीकडे एक टीम, उजवीकडे दुसरी आणि खाली उरलेल्या मॅचेस. लांबून पाहिलं तर मंथली रिपोर्टच वाटतो, हा बोनस!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, पॉइंट्स टेबल बघितलं की झालं. थांबा. टेबल फक्त झालेलं सांगतं. व्हायचं काय आहे, हे कळायला २०१२चा सीझन आठवा.

८ एप्रिल २०१२. सहा मॅचेस बाकी. मँचेस्टर युनायटेडचे ७९ पॉइंट्स, मँचेस्टर सिटीचे ७१. आठ पॉइंट्सचा लीड म्हणजे विषय संपला, असं कुणालाही वाटेल. पण माझा पहिला नियम : मागच्या टीमचं मॅक्सिमम काढा. सिटीने सहाही मॅचेस जिंकल्या तर ८९. म्हणजे कुणाकडेही न बघता चॅम्पियन व्हायला युनायटेडला १८ पैकी ११ पॉइंट्स हवे होते. आठचा लीड आता तेवढा मोठा वाटत नाही ना? त्यात दोघांची आपसातली मॅच अजून बाकी, तीही सिटीच्या घरी.

दुसरा नियम : समोरच्याला गरज किती आहे ते बघा. टेबलच्या मधल्या टीम्स मनाने सुट्टीवर गेलेल्या असतात, पण तळातल्यांची नोकरीच पणाला लागलेली असते. युनायटेडची पुढची मॅच होती रेलिगेशनशी झुंजणाऱ्या विगनकडे. कागदावर सोप्पी. हरले १-०! मग घरच्या मैदानावर एव्हर्टनविरुद्ध ४-२ अशी आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि मॅच ४-४. पाठोपाठ सिटीकडे कोम्पनीच्या हेडरवर १-० पराभव. सहा मॅचेसमध्ये मिळाले १० पॉइंट्स. हवे होते ११!

हा नियम सिटीलाही लागू होता. १३ मेला शेवटची मॅच, घरच्या मैदानावर, क्वीन्स पार्क रेंजर्सशी. त्यांनाही लीगमध्ये टिकायचं होतं. दहा जणांत खेळूनही नव्वदाव्या मिनिटाला ते २-१ पुढे! मग इंज्युरी टाइममध्ये आधी जेको, नंतर अग्वेरो, आणि ३-२. सहापैकी सहा. दोन्ही टीम्स ८९वर.

इथे येतो तिसरा आणि माझा सगळ्यात लाडका नियम : गोल डिफरन्सचा कॉलम विसरू नका. सिटी +६४, युनायटेड +५६. हा आठ गोलांचा फरक आला कुठून? २३ ऑक्टोबर २०११ला सिटीने युनायटेडला त्यांच्याच घरी ६-१ धुतलं होतं. तीच मॅच नुसती १-० झाली असती तर? मी शीटमध्ये आकडे बदलून पाहिले. दोघांचा गोल डिफरन्स +६०. दोघांचे गोल ८८. सगळं सेम टू सेम! तेव्हाच्या नियमानुसार न्यूट्रल ग्राउंडवर प्ले-ऑफ खेळवावा लागला असता. म्हणजे हरलेल्या मॅचमधला शेवटचा गोलसुद्धा महागात पडतो, तोही सात महिन्यांनी.

स्पेन फॉलो करत असाल तर मात्र कॉलम बदला. ला लिगात पॉइंट्स सारखे झाले, की आधी त्या दोन टीम्समधल्या मॅचेसचा हिशेब होतो. मग आपसातल्या लढतीत २-० ने हरणं आणि २-१ ने हरणं यातही फरक पडतो.

तर मंडळी, तीन कॉलम : मॅक्सिमम, समोरच्याची गरज, गोल डिफरन्स. आपल्या टीमच्या प्रेमात असाल तर शीट मित्राकडून चेक करून घ्या, शक्यतो दुसऱ्या टीमच्या फॅनकडून. आणि शेवटच्या रविवारी बाहेर जेवायचा प्लॅन करू नका. सगळ्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात, नेमक्या आपल्या जेवणाच्या सुमाराला. गर्लफ्रेंडला, बॉयफ्रेंडला किंवा आईला हे आत्ताच सांगून ठेवा!