ऑपरेशन झाले, आता हाताकडे लक्ष द्या

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन पार पडले, टाके निघाले की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. सगळ्यांचे लक्ष छातीच्या जखमेवर असते. ती जखम काही आठवड्यांत भरते. पण काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढे कित्येक वर्षे जपावा लागतो. दवाखान्यात हे सांगतात, पण त्या धावपळीत ते लक्षात राहत नाही. म्हणून या लेखात आम्ही प्रामुख्याने हाताविषयीच लिहीत आहोत.

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. तेव्हा हा विषय परक्या घरचा राहिलेला नाही.

काखेतील ग्रंथी का काढतात?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखेच लसिका नावाच्या पातळ द्रवाचे बारीक मार्ग असतात. हाताकडून आणि स्तनाकडून येणारा हा द्रव काखेतील वीस-तीस छोट्या ग्रंथींतून गाळला जातो. स्तनातील रोग पसरू लागला तर बहुधा प्रथम याच ग्रंथींत पोहोचतो. त्या तपासल्याने रोग किती पुढे गेला आहे हे कळते आणि पुढचे उपचार ठरतात.

पूर्वी सरसकट सर्वच ग्रंथी काढत. आता काखेत रोग दिसत नसेल तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधतात आणि तेवढ्याच तपासतात. निळा रंग वापरला असेल तर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळसर होते, त्याने घाबरू नये. त्या ग्रंथी निर्दोष निघाल्या तर बाकीच्या तशाच ठेवतात. रोग काखेत पोहोचलेला असेल तर मात्र अनेकदा दहा किंवा त्याहून जास्त ग्रंथी काढाव्या लागतात. आपल्या रुग्णाच्या किती ग्रंथी काढल्या हे डॉक्टरांना अवश्य विचारून घ्यावे, कारण हाताची पुढची काळजी त्यावर अवलंबून असते.

घरी आल्यावरचे पहिले दिवस

बहुतेक वेळा काखेजवळ एक नळी आणि तिला जोडलेली डबी असते. जखमेत साचणारा द्रव त्यातून बाहेर येतो. रोज ठरावीक वेळी तो मोजून वहीत लिहावा. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागला की डॉक्टर नळी काढतात. याला एक-दोन आठवडे लागतात. नंतरही काखेत पाणी साचून फुगवटा आला तर डॉक्टर सुईने ते काढून घेतात. घरी दाबू नये, शेकू नये.

दंडाची आतली बाजू बधिर वाटते. तिथली एक नस ऑपरेशनमध्ये दुखावते, म्हणून असे होते. काही जणींचा बधिरपणा कायमचा राहतो. काही आठवड्यांनी काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी ओढही जाणवू शकते. ही ओढ व्यायामाने बहुधा काही महिन्यांत कमी होते.

कपडे पुढून उघडणारे आणि सैल बाह्यांचे शिवून घ्यावेत. बुरख्याची बाहीसुद्धा तंग नसावी.

हात बांधून ठेवू नका

आपल्या घरांत दोन टोके दिसतात. कुठे सासूबाई, नणंदा प्रेमापोटी सांगतात, ‘हात हलवू नकोस, टाके तुटतील.’ कुठे पंधरा दिवसांत पाण्याची बादली आणि पिठाची परात पुन्हा तिच्यापुढे येते. दोन्हींमुळे नुकसान होते.

हात न हलवल्यास खांदा आखडतो. पुढे रेडिएशन घ्यायचे असेल तर टेबलावर झोपून हात डोक्यावर धरून स्थिर राहावे लागते. ज्या भगिनीचा हात वर जात नाही, तिचे उपचार त्यामुळे लांबू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, स्वतःचे केस विंचरणे सुरू करावे. नळी निघाल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जावे. कालची खूण भिंतीवर ठेवावी आणि तिच्या थोडे वर जावे. ताण जाणवला तर चालेल, तीव्र कळ येता कामा नये.

भरलेली बादली, सिलिंडर, कडेवरचे मूल हे पहिले काही आठवडे दुसऱ्या कुणी उचलावे. पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वजन बेताबेताने वाढवता येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी असे हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, तरी त्यांची सूज वाढली नाही.

सूज लपवू नका

ग्रंथी काढल्याने द्रवाचे मार्ग तुटतात. तो हातात साचला की सूज येते. काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे वीस जणींना आणि एक-दोनच ग्रंथी काढलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणींना हा त्रास होतो. तो महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होतो. बांगडी किंवा अंगठी तंग होणे, बाही रुतणे, हात जड वाटणे ही पहिली लक्षणे आहेत. याच वेळी दाखवले तर विशिष्ट हलका मसाज, पट्ट्या, दाबाची बाही आणि व्यायाम यांनी सूज आटोक्यात राहते. दोन-तीन वर्षे लपवली तर हात कडक होतो आणि उपचार अवघड होतात.

त्या हाताला जखम होऊ देऊ नये. बकरी ईदला मटण साफ करताना, भांडी घासताना रबरी मोजे घालावेत. तव्याचा चटका बसला तरी लगेच धुऊन मलम लावावे. त्या हातावर हिजामा करू नये, कारण त्यात त्वचेला चिरा देतात. जोराने तेल रगडू नये, दंडावर काहीही घट्ट बांधू नये. रक्तदाब मोजण्यासाठी आणि इंजेक्शनसाठी शक्यतो दुसरा हात द्यावा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

वुजू आणि नमाज

अनेक भगिनींना हा प्रश्न पडतो आणि त्या तो कुणाला विचारत नाहीत. पट्टीवर ओल्या हाताने मसह करण्याची आणि पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुमची सवलत शरीअतमध्ये आहे. सजद्यात हातावर भार येऊन दुखत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करता येते. नळीतून द्रव येत असताना वुजूचे काय, हे आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. कोकणातील शाफई घरांत आणि हनफी घरांत तपशील वेगळे असू शकतात. या माणसांनी मसला सांगावा, औषधोपचार मात्र डॉक्टरांनी.

घरच्यांसाठी दोन शब्द

खर्चाची चिंता असेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून संलग्न रुग्णालयांत कर्करोगाची ऑपरेशने, केमोथेरपी व रेडिएशन होते. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

हाताविषयीचे काम मात्र घरातच होणार आहे. पती, मुलगी, बहीण, कुणीही शिंप्याची टेप घेऊन दर महिन्याला दोन्ही हात मनगट, कोपराखाली आणि कोपरावर त्याच जागी मोजावेत व आकडे तारखेसह लिहावेत. ऑपरेशनपूर्वीचे माप असेल तर उत्तमच. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक पडला की पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आजारी स्त्री संकोचाने गप्प राहील, म्हणून हे विचारण्याची जबाबदारी घरच्यांनी घ्यावी.