जेकिल-हाइड वाचताय? दारांवर लक्ष ठेवा!

‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’चं गुपित आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण १८८६ मध्ये लेखक स्टीव्हन्सनने ते दहापैकी शेवटच्या दोन प्रकरणांपर्यंत राखून ठेवलं होतं. तोवर आपण वकील अटरसनच्या मागे फिरत राहतो.

गंमत दारांत आहे. जेकिलच्या घराचं पुढचं दार श्रीमंती थाटाचं. मागच्या गल्लीतलं, हाइडच्या वापरातलं दार पोपडे निघालेलं, त्याला ना घंटा ना कडी. वास्तू मात्र एकच!

आणखी एक, अशाच दुहेरी आयुष्याची खरी गोष्ट: एडिंबरोचा डीकन ब्रॉडी दिवसा प्रतिष्ठित सुतार, रात्री घरफोड्या. १७८८ मध्ये तो फासावर गेला. त्याने बनवलेलं कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं! पुढे स्टीव्हन्सनने मित्र हेन्लीबरोबर ब्रॉडीवर नाटकही लिहिलं.

कादंबरी छोटी आहे, एका रविवारात वाचून होते. नक्की वाचा!